पन्नास पावलांचा परवाना

बद्रुद्दीनची कायद्याविषयी काहीच तक्रार नव्हती. कायद्याशी त्याची कधी गाठच पडली नव्हती. ती पडली १९३६ सालच्या दिवाळीनंतर, पंचवटीकडच्या पुलाच्या तोंडाशी, जिथे टांगेवाले घोड्यांना दम खाऊ देण्यासाठी थांबत. नेहमीप्रमाणे तो आगीची गत वाजवत उभा होता. एक पट्टेवाला आला, गत संपेपर्यंत थांबला, दोनदा मान डोलावली, आणि मग त्याच्या हातात एक छापील कागद ठेवून म्हणाला की हे आता बंद.

आगीची गत म्हणजे काय हे टांगेवाल्यांना विचारावं. तीन-चार वर्षांपूर्वीपर्यंत बद्रुद्दीन तंबूतल्या सिनेमात पडद्याखाली बसून क्लॅरिओनेट वाजवत असे. चित्रं मुकी होती तेव्हाची गोष्ट. घोडा धावला की घोड्याची गत, आग लागली की आगीची, नदीला पूर आला की पुराची आणि नायिका रडली की रडण्याची, अशा त्याच्या चार गती होत्या आणि जगातलं सगळं त्या चारांत बसत असे. पुढे चित्रं बोलू लागली. मालकाने त्याला चहा पाजून सांगितलं की मियाँ, आता घोडा स्वतःच वाजतो. तेव्हापासून तो पुलाच्या तोंडाशी उभा राहून त्याच चार गती वाजवी आणि ऐकणारे आपापलं चित्र मनात जुळवून घेत. रडण्याची गत ऐकून एक गृहस्थ अर्ध्या वाटेवरून टांगा वळवून घरी गेला आणि बायकोची समजूत काढून आला, असं टांगेवाले शपथेवर सांगत.

कागदावर मजकूर मोठा होता. सार्वजनिक जागा व नादनियमन कमिटी या नावाची एक कमिटी स्थापन झाली होती. सार्वजनिक मालकीच्या जागेवर कोणाही इसमाने परवान्यावाचून वाद्य वाजवू नये, असं तिने ठरवलं होतं. आणि परवाना असला तरी देऊळ, मशीद, दर्गा, समाधी, शाळा, कचेरी व दवाखाना यांपासून पन्नास पावलांच्या आत तर वाजवूच नये. वाजवल्यास वाद्य जप्त.

जप्तीपेक्षा बद्रुद्दीनला भीती होती ती पिंपळगाव बसवंतची. त्याच्या बायकोचा, गुलजारबीचा भाऊ हारुन याची तिथे कांद्याची वखार होती, आणि त्याला कांदा निवडायला घरचं माणूस हवं होतं. दुलाभाईंची, म्हणजे मेहुण्यांची, बोटं नाजूक आहेत, सडका कांदा त्यांच्या हाताला लगेच कळेल, असं तो दर पत्रात लिही. हारुनच्या मते हा सन्मान होता.

नवरा-बायकोचं एरवीचं बोलणं घरच्या हिंदीत चाले. भांडण मात्र मराठीत होई, म्हणजे शेजाऱ्यांची गैरसोय होत नसे. त्या दिवशी गुलजारबीने तो कागद जावेकडून वाचून घेतला आणि मराठीत म्हणाली, “संक्रांतीपर्यंत वाट बघते. तोवर उभं राहायला जागा मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर बिऱ्हाड पिंपळगावला. तिथं बसायला जागा आहे.”

कमिटीचे चिटणीस रंगनाथराव. माणूस सज्जन होता. कमिटीचे नियम त्यांनी स्वतः लिहिले होते आणि ते मोठ्याने वाचताना त्यांचा आवाज किंचित भरून येई. समोर आलेल्या माणसाला ते नावाने हाक मारत नसत. अर्जदार म्हणत, मग त्याने अर्ज केलेला असो वा नसो. पट्टेवाल्यालासुद्धा ते रागाच्या भरात अर्जदार म्हणून गेलेले होते.

“कायदा वाजवायला मनाई करत नाही, अर्जदार,” ते बद्रुद्दीनला म्हणाले. “तो फक्त कुठे एवढंच विचारतो. जागा दाखवा, परवाना घेऊन जा.”

हे बद्रुद्दीनला रास्त वाटलं. तो जागा शोधायला निघाला. पुलाच्या तोंडापासून मारुती एकतीस पावलांवर निघाला. तिथून उलट दिशेने एकोणीस पावलं सरकावं तर कुणा बैराग्याची समाधी आडवी येई. समाधी चुकवली की दर्गा, दर्गा चुकवला की मुलींची शाळा, शाळा चुकवली की दवाखाना, आणि दवाखान्याच्या ओट्यावर गणपती. गल्लीच्या वळणावर एका भिंतीत कोनाडा होता आणि त्यात काहीच नव्हतं म्हणून तो हरखला, तेवढ्यात घरातून एक म्हातारी बाहेर आली आणि देव उजळायला सोनाराकडे गेलेत म्हणाली. चार दिवस तो पावलं मोजत हिंडला. पन्नास पावलं देवावाचून चालण्याचा प्रसंग या गावात आजवर कुणावर आलाच नव्हता, हे त्याच्या हळूहळू ध्यानात आलं. सगळं आयुष्य या गल्ल्यांत गेलं होतं, पण मोजायची वेळ आली नव्हती.

नदीच्या वाळवंटात बघितलं, तर तिथे पाणी कमी आणि पिंडी जास्त. शेवटी पुलाच्या अगदी मधोमध उभं राहिलं तर दोन्ही तीरांचे देव पन्नास पावलांच्या पलीकडे राहतात, असा शोध लावून तो आनंदाने कचेरीत आला.

“पूल आमचा नाही,” रंगनाथराव म्हणाले. “तो बांधकाम खात्याचा. त्यांचा थांबायला मनाई आहे असा बोर्ड आहे.”

“मग चालता चालता वाजवतो, रावसाहेब.”

“चालता चालता वाजवलं तर ती मिरवणूक होते. तिचा परवाना पोलिसांकडे.”

“मी एकटाच आहे.”

“एका माणसाच्या मिरवणुकीला बंदी नाही,” रंगनाथराव म्हणाले. “पण पुढे मशाल आणि मागे जबाबदार इसम लागतो.”

बद्रुद्दीनचं तोंड उतरलेलं पाहून त्यांना वाईट वाटलं. त्यांनी नियमांची वही उघडली आणि नववं कलम काढून दिलं. अर्जदारास जागा न सापडल्यास कमिटीने सरकारी मोजणीदारांकडून मोजणी करून देणे बंधनकारक राहील. हे कलम त्यांनी का घातलं होतं ते त्यांना आठवत नव्हतं. आठव्यानंतर एकदम दहावं येऊ नये म्हणून घातलं असावं.

मोजणी मंजूर झाली, पण पाऊल कुणाचं धरायचं यावर कमिटीच्या दोन बैठकी गेल्या. अध्यक्षांचं पाऊल आखूड होतं. ते धरलं तर देवळं लांब जात. कमिटीत एक माजी फौजदार होते, त्यांचं पाऊल धरलं तर गावात वाजवणं राहोच, खोकायलाही जागा उरली नसती. अखेरीस सुमारे पन्नाशीचा, नुकताच जेवलेला, घाई नसलेला इसम प्रमाण मानावा असं ठरलं. असा इसम रंगनाथराव स्वतःच होते. ते कचेरीच्या पडवीत तीनदा चालले आणि एक पाऊल अडीच फुटांचं भरलं.

मग मोजणीदार मोतीराम साखळी घेऊन बाहेर पडला. तीन आठवडे तो पंचवटीत साखळी ओढत होता. प्रत्येक देवळाच्या उंबऱ्यावर साखळीचं एक टोक धरायचं, दुसरं टोक घेऊन चालत सुटायचं, नकाशावर गोल काढायचा. लोक दारात येऊन बघत. काय चाललंय म्हणून विचारलं तर मोतीराम, सरकारी माणूस असल्यामुळे, काही सांगत नसे. गोलात गोल अडकत गेले. नकाशा माशाच्या खवल्यांसारखा दिसू लागला. आणि तिसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी, भाजीबाजाराच्या मागे नदीकडे उतरणाऱ्या उतारावर, एकाही गोलात न येणारा एक तुकडा सापडला. दोन गोणपाटं अंथरली की संपावा एवढा.

नियमाप्रमाणे तिथे खुणेचा दगड रोवायचा आणि त्याला ठळक रंग द्यायचा होता. कचेरीतला रंग वाळून गेला होता. मोतीराम जवळच्या दुकानात गेला. पंचवटीत जवळचं दुकान म्हणजे पूजेच्या सामानाचं. तिथे ठळक असा एकच रंग मिळतो. त्याने शेंदूर घेतला, तिथूनच तेल घेऊन कालवला आणि दगडाला चांगले दोन हात दिले. तीन आठवड्यांचं काम निर्विघ्न पार पडलं म्हणून एक नारळही घेतला, तो दगडावर फोडला, आणि शेजारी भाजी विकत बसलेल्या लंकाबाईला खोबऱ्याचा तुकडा दिला. कोणतंही काम संपवताना तो एवढं करतच असे. विहिरीची मोजणी असो की गटाराची.

बद्रुद्दीनला परवाना मिळाला. क्रमांक एक. रंगनाथरावांनी तो दोन्ही हातांनी दिला. संक्रांतीला अजून महिना होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बद्रुद्दीन स्वच्छ अचकन घालून त्या दोन गोणपाटांवर उभा राहिला, दगड पायाजवळ होता, आणि त्याने घोड्याची गत सुरू केली. कायद्याने वाजवण्यात एक वेगळाच दम लागतो असं त्याला वाटलं. उतारावरून नदीपर्यंत सूर कसे सरळ जात होते. त्या संध्याकाळी घरी फक्त हिंदी बोलली गेली.

लंकाबाई सायखेड्याची. रोज पहाटेच्या मोटारीने मेथी-वांगी घेऊन येई. घरी तिच्या सुनेने तीन महिने अबोला धरला होता. ज्या दिवशी लंकाबाईने ते खोबरं घरी नेलं त्याच दिवशी सून भाजीत मीठ किती घालू असं विचारती झाली. लंकाबाई अडाणी असली तरी दोन आणि दोन एकत्र मांडू शकत होती. एक माणूस तीन आठवडे गावातल्या झाडून सगळ्या देवळांना साखळी लावतो. सगळ्या देवांपासून सारख्या अंतरावर एक ठिकाण काढतो. तिथे दगड बसवतो, शेंदूर लावतो, नारळ फोडतो. दुसऱ्या दिवसापासून एक वाजंत्री परीटघडीचे कपडे घालून त्याच्यापुढे वाजवू लागतो. यातून दुसरा काय अर्थ निघतो?

तिसऱ्या दिवशी दगडावर झेंडूचं फूल आलं. पाचव्या दिवशी उदबत्ती. आठव्या दिवशी चांदीचे डोळे बसले आणि दगड बद्रुद्दीनकडे बघू लागला. देवाला नावही पडलं, साखळोबा. साखळीबरोबर आला म्हणून साखळोबा. मोजणीचा देव असल्यामुळे तो बांधाच्या तंट्याला विशेष लागू पडतो असं ठरलं, आणि खालच्या गावांतून बांधावरून भांडणारे भाऊ-भाऊ जोडीने येऊ लागले. वर उतारावर येताना भांडत, खाली जाताना निदान हळू आवाजात भांडत.

बद्रुद्दीनला प्रथम बरं वाटलं, कारण ऐकणारे वाढले. नंतर एके दिवशी घोड्याची गत ऐन रंगात असताना समोर आरती सुरू झाली आणि टाळ्या गतीवर पडू लागल्या, तेव्हा त्याने गत आवरती घेतली. त्याने खिशातला परवाना काढून पाहिला. देऊळ हा शब्द दुसऱ्याच ओळीत होता.

आरती पांगल्यावर तो लंकाबाईजवळ जाऊन बसला.

“मावशी, तो दगड आहे,” तो हळू म्हणाला. “मोजणीचा दगड. सरकारी.”

“पहिल्यांदा समदे दगडच असत्यात, बदरूभाऊ.”

“मोतीरामने ठेवलाय. माझ्यादेखत.”

“मंग? कुणीतरी ठेवल्याबिगर तो कसा यील? त्याला काय पाय हायेत?”

“तुम्ही लोकांना सांगा की हे खरं नाही. नाहीतर माझं वाजवणं जाईल.”

लंकाबाईने मेथीच्या जुडीवर पाणी शिंपडलं आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. “रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्याम्होरं तू वाजिवतो,” ती म्हणाली. “आम्ही तर तुझं बघूनच हात जोडले. आन् आता मलाच म्हनतो लोकांना सांग?”

बद्रुद्दीन उठला. देव झाला तो त्याच्या परवान्यामुळे, आणि आता परवाना जाणार तो देवामुळे. दुपारी तो मशिदीतल्या बुजुर्गांना भेटला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. तू नळीत फुंकर घालतोस, घाल, ते म्हणाले. पुढचं ज्याचं त्याने बघावं. मनाला यामुळे बरं वाटलं. परवान्याला काही फरक पडला नाही.

रंगनाथराव स्वतः मोजणी करायला आले. बद्रुद्दीनच्या टाचेपासून देवापर्यंत अंतर मोजायला साखळी आणली होती, पण ती उलगडायचीच वेळ आली नाही. “शून्य पावलं,” त्यांनी वहीत लिहिलं, आणि खिन्नपणे म्हणाले, “शून्य हे पन्नासाच्या आत येतं, अर्जदार. मी दोन्ही बाजूंनी विचार केला.”

सुनावणी लागली ती संक्रांतीच्या आधी सहा दिवस. परवाना रद्द का करू नये आणि वाद्य जप्त का करू नये, याची कारणं अर्जदाराने समक्ष दाखवायची होती. गुलजारबीने त्या सकाळी भांडी पोत्यात भरायला घेतली. मराठीत काही बोलली नाही, हिंदीतही नाही. हारुनचं पत्र आलं होतं, कांद्याची आवक सुरू झाली होती.

कमिटी टेबलाभोवती बसली. निवडणुका तोंडावर होत्या आणि अध्यक्ष उभे राहणार होते. त्यामुळे त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की देवाच्या अस्तित्वाविषयी ते अध्यक्ष या नात्याने मत देऊ इच्छित नाहीत. बद्रुद्दीनने हात जोडून एवढंच मांडलं की दगड कमिटीचा, रंग कमिटीचा, नारळसुद्धा कमिटीने लावलेल्या मोजणीदाराने फोडलेला. यात माझा गुन्हा काय? कमिटीला हे विचार करण्याजोगं वाटलं. मोतीरामला बोलावण्यात आलं.

मोतीराम आला तो कपाळाला अंगारा लावून. मध्यंतरी त्याची डोंगरातल्या पेठ गावी झालेली बदली अचानक रद्द झाली होती, आणि तेव्हापासून तो मंगळवार धरत असे. दगड तूच ठेवलास का, असं त्याला विचारलं.

“दगड मी ठेवला,” तो म्हणाला. “देव मी ठेवला नाही.”

“मग दगड आता कुठे आहे?”

“ते मला ठाऊक नाही, साहेब. मी ठेवला तेव्हा होता.”

हा जबाब रंगनाथरावांनी शब्दशः लिहून घेतला. माजी फौजदार कंटाळले होते. ते म्हणाले की इतकं लांबण कशाला, जागा अर्जदाराची आहे, त्याच्या पायात दगड येतो, तर अर्जदारानेच तो उचलून पन्नास पावलं बाजूला ठेवावा. अध्यक्षांनी समोरच्या कागदावर अर्जदाराचं नाव पुन्हा एकदा वाचलं. मग सगळ्यांनीच वाचलं. बद्रुद्दीन जमिनीकडे बघत राहिला. अध्यक्षांनी खिडकी लावून घ्यायला सांगितलं आणि चहा मागवला. फौजदारांची सूचना त्यांच्याच विनंतीवरून नोंदीतून काढण्यात आली.

चहानंतर आता रद्द करण्यावाचून इलाज नाही असं ठरू लागलं. रंगनाथरावांनी नियमांची वही मिटण्यापूर्वी शेवटचं पान उलटलं, नुसतं सवयीने. चौदावं कलम तिथे होतं. देवस्थानचे परंपरागत वाजंत्री यांस वरील नियम लागू होणार नाहीत. त्यांनी ते मोठ्याने वाचलं.

“परंपरागत म्हणजे किती वर्षं?” अध्यक्षांनी विचारलं.

व्याख्या दिलेली नव्हती. अर्जदार वाजवतोय त्याला सव्वीस दिवस झाले होते. सव्वीस दिवसांना परंपरा म्हणता येत नाही, यावर पहिल्यांदाच सगळ्या कमिटीचं एकमत झालं. तेव्हा दाराशी टोपली घेऊन बसलेली लंकाबाई उभी राहिली. तिला साक्षीला कुणी बोलावलं नव्हतं. बाजार उठला म्हणून ती आली होती.

“साहेब, एक इचारू?” ती म्हणाली. “देव बसून किती दिस झाले?”

“सत्तावीस,” मोतीराम पुटपुटला.

“आन् ह्यो वाजिवतो त्याला?”

“सव्वीस.”

“मंग देव हाय तवापासून ह्योच हाय. ह्याच्या आधी त्याच्याम्होरं कोन वाजवीत व्हतं ते दाखवा. दुसऱ्या देवळांतल्या वाजंत्र्यांना इचारा, त्यांचा आज्जा, पंजा, त्याच्या आधी कोन हे कुनाला ठाव हाय का? ह्याचं तर पार पहिल्या दिवसापासून समद्यांनी बघितलंय.”

रंगनाथरावांचे डोळे पाणावले होते. गावातल्या एकाही देवस्थानच्या वाजंत्र्याला इतका संपूर्ण पुरावा देता आला नसता. स्थापनेपासून आजतागायत, अखंड, प्रत्यक्ष साक्षीदारांसह. एक दिवस कमी पडत होता, पण पहिल्या दिवशी देवाने विश्रांती घेतली असं मानायला हरकत नसल्याचं त्यांनी सुचवलं, आणि ते मान्य झालं.

हुकूम त्याच संध्याकाळी निघाला. बद्रुद्दीन हा साखळोबा देवस्थानचा परंपरागत वाजंत्री असल्याचं कमिटीच्या निदर्शनास आलं असून त्याने पूर्वापार चालत आल्याप्रमाणे सदर ठिकाणी अखंड वाजवावं. कोणती गत केव्हा, याचीही नोंद झाली. सकाळी घोडा, दुपारी आग, तिसऱ्या प्रहरी पूर, दिवेलागणीला रडणं. गुलजारबीने पोत्यातली भांडी काढून पुन्हा फळीवर मांडली आणि संक्रांतीला शेजारणींना तिळगूळ वाटला. हारुनला पत्र गेलं की दुलाभाईंना आता पक्की जागा मिळाली आहे.

पंधरा दिवस सगळं सुरळीत चाललं. मग पौषातली थंडी पडली आणि बद्रुद्दीनचा खालचा ओठ मधोमध फुटला. क्लॅरिओनेटची पत्ती नेमकी तिथेच बसते. पहिल्या दिवशी त्याने कसंबसं निभावलं. दुसऱ्या दिवशी पुराची गत वाजवताना पत्तीवर रक्त आलं. तिसऱ्या दिवशी तो कचेरीत गेला आणि दोन दिवस उभं राहणार नाही, ओठ बरा झाला की येतो, असं सांगून टाकलं.

रंगनाथराव गंभीर झाले. त्यांनी हुकुमातल्या ‘अखंड’ या शब्दाखाली बोट ठेवलं. एक दिवस खंड पडला की परंपरा तुटते, परंपरा तुटली की चौदावं कलम जातं, चौदावं गेलं की शून्य पावलं पुन्हा उभी राहतात.

“वाजवण्याचा हक्क अर्जदाराने सिद्ध केलेला आहे,” ते म्हणाले. “न वाजवण्याचा त्याने मागितलाच नव्हता.”

“मग आता मागतो.”

“तो आमच्याकडे नाही. आता अर्जदार कमिटीच्या अखत्यारीत राहिला नाही. तो देवाच्या चाकरीत आहे. रजा धन्याने द्यायची असते.”

हे ते थट्टेने म्हणत नव्हते. थट्टा करायची झाली तर ते तसं आधी सांगत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वही घेऊन उतारावर हजर झाले. लंकाबाईने अंघोळ करून, टोपली बाजूला ठेवून, साखळोबाला कौल लावला. शेवंतीची एक पाकळी पाण्यात बुडवून देवाच्या छातीशी चिकटवली. उजवीकडे पडली तर रजा, डावीकडे पडली तर नाही. बांधाचे भांडणारे दोन-तीन भाऊही आपलं काम थांबवून बघत उभे राहिले.

पाकळी पडेना. एवढ्या दिवसांत शेंदराचे आणि तेलाचे थर चढून दगड मऊ, चिकट झाला होता; त्याला चिकटलेली वस्तू सहसा सुटत नसे. पाव तास गेला, अर्धा तास गेला. घोड्याच्या गतीची वेळ झाली. रंगनाथरावांनी सांगितलं की निकाल लागेपर्यंत जैसे थे. बद्रुद्दीनने रुमालाने ओठ टिपला आणि क्लॅरिओनेट तोंडाला लावला. घोडा दोन पावलं धावला आणि लंगडला. ऐकणाऱ्यांनी माना खाली घातल्या.

गुलजारबी छोट्या वाटीत तूप घेऊन आली होती. ती इतका वेळ गर्दीच्या कडेला उभी होती. ती पुढे आली, नवऱ्याच्या ओठाकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, आणि अगदी हळू, घरच्या हिंदीत म्हणाली, “फूंको ना जी.”

बद्रुद्दीनने आयुष्यात नळीबाहेर फुंकर घातली नव्हती. ती वाया जाते असं तो मानी. त्याने क्लॅरिओनेट काखेत धरला आणि देवापुढे सलामासाठी वाकावं तसा वाकला. जरा जास्तच वाकला. उठताना एक लांब श्वास सोडला.

पाकळी सुटली आणि उजवीकडे पडली.

लंकाबाई हातभर अंतरावर उभी होती. तिने सगळं नीट पाहिलं होतं. तिने पदर डोक्यावर घेतला, दोन्ही हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “पावला.”

रंगनाथरावांनी मान वर करून उतारावरच्या पिंपळाकडे पाहिलं. पान हलत नव्हतं. त्यांनी घड्याळ काढलं आणि वहीत लिहिलं, कौल उजवा, सकाळी आठ वाजून वीस मिनिटं, वारा नाही. दोन दिवसांची रजा मंजूर, परंपरा अबाधित.

बद्रुद्दीनने क्लॅरिओनेटचे तुकडे सोडवले, एकेक पुसून पेटीत ठेवले आणि त्या दोन गोणपाटांवर पाय पसरून बसला. गुलजारबी त्याच्यासमोर उकिडवी बसली, बोट तुपात बुडवलं आणि भर बाजारात, सगळ्यांदेखत, त्याच्या ओठाला लावू लागली. बांधाच्या भावांनी तोंडं फिरवली. लंकाबाई मेथीवर पाणी शिंपडायला गेली. रंगनाथराव मात्र जागचे हलले नाहीत. सार्वजनिक मालकीच्या जागेवर नवऱ्याच्या ओठाला तूप लावायला काही परवाना लागतो का, ते बघायला त्यांनी वही पहिल्या पानापासून उघडली.